'कृपया' कुठे गेले?

हा लेख वाचायला बसताना हाताशी चौकटींची वही आणि पेन्सिल ठेवा. पुढे थोडी मोजदाद करायची आहे आणि ती मी करून दाखवण्यापेक्षा तुम्ही स्वतः केलेली बरी.

समजा, एका शाळेत पालकसभा भरायची आहे. पालक आहेत पाचशे. त्या सर्वांजवळ इंटरनेट असलेला फोन आहे असे नाही. काहींजवळ साधा, बटणांचा फोन आहे. म्हणून शाळेने ठरवले की सर्वांना साधा लघुसंदेश, म्हणजे एसएमएस, पाठवायचा. कचेरीतल्या काकांनी संगणकावर मजकूर तयार केला:

'सोमवारी सकाळी आठ वाजता पालकसभा आहे. कृपया सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.'

किती साधी सूचना! पण संगणकाने लगेच सांगितले की हा एक संदेश नसून दोन संदेश आहेत. म्हणजे पाचशे पालकांसाठी एक हजार संदेशांचे पैसे. काकांनी थोडा विचार केला आणि 'कृपया' हा शब्द खोडला. आता संगणक म्हणाला, एक संदेश. खर्च निम्मा झाला, सूचना गेली. मात्र पालकांनी जे वाचले ते असे: 'सोमवारी सकाळी आठ वाजता पालकसभा आहे. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.' पुन्हा एकदा वाचा. विनंती होती, तिचा हुकूम झाला की नाही?

काका काही उद्धट नव्हते. शाळेच्या पैशांची काळजी करणारा कोणताही माणूस हेच करील. मग त्या 'कृपया'ला हाकलले कुणी?

आता वही पुढे ओढा. वरची पहिली सूचना एका चौकटीत एक खूण या पद्धतीने लिहा. पण नेहमीसारखी अक्षरे लिहू नका. यंत्र लिहिते तशी लिहा. यंत्राच्या हिशेबी 'सो' हे एक अक्षर नसून दोन खुणा आहेत: एक 'स' आणि एक 'ो'. 'स्थि' मध्ये चार खुणा आहेत: स, पाय मोडण्याची खूण, थ आणि वेलांटी. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना प्रत्येकी एक चौकट. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही एक, पूर्णविरामालाही एक. 'प्रश्न' हा आपल्याला अडीच-तीन अक्षरांचा वाटणारा शब्द यंत्राला सहा खुणांचा आहे.

मोजलेत? बरोबर मोजले असेल तर तुमचे उत्तर ७३ येईल. 'कृपया' आणि त्याच्या शेजारची एक मोकळी जागा वगळली की सहा खुणा कमी होतात आणि उरतात ६७. देवनागरीतल्या एका लघुसंदेशात ७० खुणा मावतात. ७३ मावत नाहीत, ६७ मावतात. सगळा खेळ त्या तीन खुणांचा.

आता हीच सूचना रोमन लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लिहून पाहा. 'सोमवारी'ची सात अक्षरे, 'सकाळी'ची सहा, असे करत तुम्ही ८३ च्या आसपास पोहोचाल. म्हणजे खुणा देवनागरीपेक्षा जास्तच झाल्या! तरीही रोमन सूचना एका संदेशात आरामात बसते आणि आणखी जवळजवळ तेवढाच मजकूर मावेल एवढी जागा उरते. कारण रोमन लिपीसाठी मर्यादा ७० ची नसून १६० ची आहे.

भाषा तीच, मजकूर तोच, फोनही तोच. मग लिपी बदलताच जागा निम्म्याहून कमी का व्हावी?

एक हजार एकशे वीस दिव्यांची माळ

हे समजण्यासाठी १९८५ सालच्या जर्मनीत जावे लागेल. युरोपातले अभियंते तेव्हा मोबाइल दूरध्वनीची एक समाईक पद्धत आखत होते. पुढे जगभर पसरलेली 'जीएसएम' पद्धत ती हीच. फ्रिडहेल्म हिलेब्रांड नावाच्या अभियंत्यापुढे प्रश्न होता: बोलण्याबरोबर लहानसा लेखी संदेश पाठवता येईल का, आणि तो केवढा असावा?

फोन बोलण्यासाठी वापरत नसतो तेव्हाही तो गप्प बसलेला नसतो. 'मी इथे आहे', 'मला कुणी बोलावले आहे का' अशी त्याची मनोऱ्याशी कुजबुज चालू असते. ही कुजबुज एका वेगळ्या, अरुंद वाटेने जाते. आगगाडीच्या मुख्य रुळांशेजारी ट्रॉली जाण्यापुरती एक छोटी लोहवाट असावी, तशी. ही वाट बराच वेळ रिकामी असते. लेखी संदेश या वाटेने सोडले तर नवे रूळ टाकायचा खर्चच नाही! पण वाट अरुंद, तेव्हा डबाही लहान हवा.

किती लहान? हिलेब्रांड बॉन येथे आपल्या खोलीत टंकलेखन यंत्र घेऊन बसले आणि मनात येतील ती वाक्ये, प्रश्न, निरोप टंकत गेले. प्रत्येकातली अक्षरे, विरामचिन्हे, मोकळ्या जागा त्यांनी मोजल्या. बहुतेक सारे १६० च्या आत बसत होते. मग पोस्टकार्डे पाहिली. लोक पोस्टकार्डावर बहुधा दीडशे अक्षरांहूनही कमी लिहितात असे दिसले. १६० अक्षरे पुरेत, असे ठरले. जगातल्या कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या निरोपांची लांबी एका खोलीतल्या टंकलेखन यंत्रावर ठरली! अर्थात त्या यंत्रावर 'क' नव्हता, 'ळ' नव्हता आणि काना-मात्राही नव्हत्या.

आता त्या डब्याचे माप पाहू. यंत्राला अक्षरे कळत नाहीत. त्याला दोनच गोष्टी कळतात: आहे किंवा नाही, दिवा लागलेला किंवा विझलेला. अशा एका दिव्याला 'बिट' म्हणतात. एका दिव्याने दोन गोष्टी सांगता येतात. दोन दिव्यांनी चार, तीन दिव्यांनी आठ. दर दिव्यागणिक संख्या दुप्पट होत जाते आणि सात दिव्यांनी १२८ निरनिराळ्या खुणा दाखवता येतात. रोमन लिपीची मोठी अक्षरे, लहान अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि युरोपातल्या भाषांची काही खास अक्षरे या १२८ मध्ये बसवली गेली. लघुसंदेशाचा डबा १,१२० दिव्यांचा. १,१२० ला ७ ने भागा. आले ना १६०?

देवनागरीला त्या १२८ च्या यादीत जागाच मिळाली नाही. पुढे १९९१ साली 'युनिकोड' नावाची नवी यादी प्रसिद्ध झाली. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच यादीत अनुक्रमांक देण्याचा हा मोठा उदार प्रयत्न होता. त्यात 'क'चा क्रमांक २३२५, 'ळ'चा २३५५. एवढ्या लांबलचक यादीतला क्रमांक सांगायला सात दिवे कसे पुरणार? लघुसंदेशात युनिकोड वापरायचे तर प्रत्येक खुणेला १६ दिवे द्यावे लागतात. इंग्रजी लहान 'ए' सात दिव्यांत लिहिला जातो, ११००००१ असा. 'क' मात्र असा लिहावा लागतो: ००००१००१०००१०१०१. आता १,१२० ला १६ ने भागा. उत्तर ७०.

गंमत अशी की युनिकोडात देवनागरीच्या वाट्याला ज्या जागा आल्या त्या बरोबर १२८ आहेत! म्हणजे केवळ देवनागरीचीच यादी करायची असती तर सात दिवे पुरले असते. ही गोष्ट पुढे अभियंत्यांच्याही ध्यानात आली आणि भारतीय भाषांसाठी सात बिटांचे तक्ते मानकात समाविष्ट झाले. पण तोवर कोट्यवधी फोन विकले गेले होते आणि पाठवणारा नवा तक्ता वापरत असून घेणाऱ्याचा फोन जुना असेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा पडणार. म्हणून हे तक्ते फारसे रुजले नाहीत. एकदा गाडीच्या रुळांची रुंदी ठरली की मागाहून ती बदलणे किती कठीण, हे आपल्या रेल्वेवाल्यांना विचारा.

आणखी एक खोच. संदेशात एकच देवनागरी अक्षर आले तरी सगळा संदेश १६ दिव्यांच्या हिशेबाने जातो. शंभर रोमन अक्षरांच्या निरोपाच्या शेवटी तुम्ही एक हसरा चेहरा चिकटवलात की त्या एका चेहऱ्यापायी निरोपाचे दोन भाग होतात. शिवाय भाग पडले की प्रत्येक भागावर 'मी दोनांपैकी पहिला', 'मी दोनांपैकी दुसरा' अशी चिठ्ठी डकवावी लागते. ती चिठ्ठीही जागा खाते आणि ७० च्या ६७ खुणाच हाती राहतात.

बोटांचे व्यायाम

पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या अभियंत्याने पाठवला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस', रोमन लिपीत पंधरा खुणा. हा संदेश त्याने संगणकावरून पाठवला होता, कारण ज्या फोनवर तो पोहोचला त्याला संदेश वाचता येत होता, पण उत्तर लिहिता येत नव्हते.

भारतात मोबाइलवरचे पहिले बोलणे झाले ३१ जुलै १९९५ रोजी. सुरुवातीची कित्येक वर्षे मोबाइलवर बोलणे महाग होते. २००३ सालापर्यंत आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. अशा वेळी विद्यार्थ्यांनी काय केले असेल? त्यांनी 'मिस्ड कॉल'ची भाषा बनवली! एक घंटी म्हणजे 'पोहोचलो', दोन घंट्या म्हणजे 'खाली ये, वाट पाहतोय'. यामागचे विज्ञान तुम्हाला आता कळेल. समोरच्याचा फोन शोधणे, त्याची घंटी वाजवणे हे सगळे काम त्या अरुंद ट्रॉलीच्या वाटेने होते. पैशांचे घड्याळ सुरू होते ते फोन उचलल्यावर. न उचललेला फोन म्हणजे फुकटचा निरोप. मला तर ही युक्ती मोठमोठ्या शोधांइतकीच नामी वाटते.

संदेश लिहिणे बोलण्यापेक्षा स्वस्त होते, म्हणून पुढे लिहिणे वाढले. पण कशावर लिहायचे? फोनवर बटणे बारा. दोन आकड्याच्या बटणावर ए, बी, सी. तीनवर डी, ई, एफ. असे करत सातवर चार अक्षरे आणि नऊवर चार. 'सी' हवा असेल तर दोनचे बटण तीनदा दाबायचे, 'एस' हवा असेल तर सातचे चारदा. रोमन लिपीत 'उद्या' एवढा शब्द लिहायला बटणे सात वेळा दाबावी लागत. १९९०च्या दशकात निघालेल्या 'टी-नाइन' नावाच्या युक्तीने इंग्रजी लिहिणाऱ्यांचे श्रम पुष्कळ कमी झाले: प्रत्येक बटण एकदाच दाबायचे, आणि त्या बटणांतून कोणता शब्द बनतो ते फोन आपल्या शब्दकोशात पाहून ठरवी. पण त्या शब्दकोशात 'उद्या' कुठला? रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याला जुन्याच पद्धतीने बोटे झिजवावी लागत.

देवनागरी तर बहुतेक फोनांवर नव्हतीच, आणि असली तरी समोरच्याच्या फोनवर चौकोन उमटण्याची भीती. त्यातून ७० खुणांची मर्यादा. या साऱ्याचा परिणाम म्हणून महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीने आपल्या मित्रमैत्रिणींना मराठी भाषेत पण रोमन लिपीत लिहिण्याची सवय लावून घेतली. ही सवय तुमच्या आईबाबांनाही असेल. त्यांना विचारून पाहा.

यात त्या मुलांना नावे ठेवण्यासारखे काही नाही. लिहिण्याचे साधन बदलले की लिहिण्याची तऱ्हा बदलते, हे जुनेच आहे. आपल्याकडे शेकडो वर्षे कारकून मोडी लिहीत. हात न उचलता भरभर लिहिता यावे अशी तिची घडण. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नसत. वाचणारा संदर्भाने लावून घेई. तारेचेही तसेच. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून 'वडील फार आजारी आहेत, तरी पत्र पाहताच निघून यावे' या ओळीचे तारेत तीन-चार कोरडे इंग्रजी शब्द होत. सणासमारंभाच्या शुभेच्छांसाठी तारखात्याने वाक्यांना क्रमांकच देऊन ठेवले होते. तुम्ही क्रमांक सांगायचा, पलीकडच्या कचेरीत तो वाक्य होऊन बाहेर पडे. भारतात १९४९ सालापासून देवनागरीतूनही तारा करता येऊ लागल्या, तरी लोकांच्या मनात तार म्हटली की ती इंग्रजीच राहिली. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. 'कृपया' गाळण्याची कला मात्र तारेच्याही आधीपासूनची आहे आणि नंतरही टिकली आहे.

काय गाळले तर चालते?

इथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. मजकुरातून काही गाळले तरी वाचणाऱ्याला तो कळतो कसा?

अमेरिकेतले गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली या प्रश्नाला गणिती रूप दिले. त्यांनी दाखवले की भाषेत गरजेपेक्षा जास्त सामान भरलेले असते. काही अक्षरे वाचली की पुढले अक्षर आपण पुष्कळदा ओळखतोच. मग ते लिहिले काय आणि न लिहिले काय! साध्या इंग्रजीत असा जादा भाग निम्म्याच्या आसपास आहे, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. इंग्रजी मुले लघुसंदेशात स्वर गाळून लिहीत आणि तरीही त्यांचे एकमेकांना कळे, ते या जादा सामानामुळे.

हे करून पाहा. पाठ्यपुस्तकातले एखादे वाक्य घ्या आणि त्यातले सर्व काने, मात्रा, वेलांट्या, उकार पुसून ते मित्राला वाचायला द्या. मग दुसरे वाक्य घेऊन त्यातली व्यंजने पुसा आणि फक्त काना-मात्रा ठेवा. पहिले वाक्य अडखळत का होईना लागेल. दुसरे लागणे जवळजवळ अशक्य. अर्थाचे ओझे कोण वाहते ते यावरून कळते.

पण हे जादा सामान खरोखरच निरुपयोगी असते का? शॅनन यांनीच दाखवले की गोंगाटातून, खरखरीतून संदेश सुखरूप न्यायचा तर जादा सामान लागतेच. एक अक्षर पुसले गेले तर उरलेली त्याची जागा भरून काढतात. सगळे सामान आधीच टाकून दिले, तर एका चुकीतही अर्थ बुडतो.

मराठीत रोमन लिपीने नेमके हेच होते. 'ल' आणि 'ळ' एक होतात, 'न' आणि 'ण' एक होतात, 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' एक होतात; 'अ' आणि 'आ' पुष्कळदा एक होतात. के-ए-एल असे तीन अक्षरी लिहिले तर ते 'काल' की 'काळ'? 'कल' की 'कळ'? एम-ए-एल-ए म्हणजे 'मला', 'माला', 'मळा' की 'माळा'? वाक्यात हा घोटाळा बहुधा मिटतो. पण दोन शब्दांच्या तुटक निरोपात संदर्भ उरलेलाच नसतो. 'वेळ नाही' आणि 'वेल नाही' यांत मैत्री तुटण्यासारखे काही नाही, हे खरे. तरी एखाद्या निरोपात अशा घोटाळ्याने तास-दोन तासांचा गोंधळ होऊ शकतो!

मराठीतला सगळ्यात सुंदर भेद तर रोमन लिपीला दिसतही नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना नमस्कार सांगा' आणि 'आचाऱ्यांना नमस्कार सांगा' यांत एक नमस्कार गुरूंना जातो आणि दुसरा स्वयंपाक्यांना. नमस्कार दोघांनाही करावा, पण पत्ता चुकता कामा नये.

मग लघुसंदेशांनी मुलांचे लेखन बिघडले का? याविषयी मोठी माणसे फार ठासून बोलतात. इंग्लंडमधील कव्हेंट्री विद्यापीठात बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांना निरोप लिहायला दिले आणि त्यांची वाचनाचीही परीक्षा घेतली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की निरोपात संक्षेप जास्त वापरणारी मुले शब्दवाचनात कच्ची नव्हती. उलट थोडी सरसच होती. यात नवल नाही. शब्द कुठे मोडला तर ध्वनी टिकेल हे कळायला शब्दाचे ध्वनी नीट कळावे लागतात. पण दोन सावधगिऱ्या बाळगा. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. चांगले वाचणारी मुलेच अशा खेळात रमत असतील. आणि ती मुले आपली भाषा आपल्याच लिपीत संक्षिप्त करत होती. आपली मुले लिपीच बदलत होती. त्या ८८ मुलांचा निष्कर्ष उचलून आपल्यावर चिकटवणे मला बरोबर वाटत नाही.

कारण गेले, सवय राहिली

आता मुख्य गोष्ट. तुमच्यापैकी बहुतेकजण आज मित्राला लघुसंदेश पाठवत नाहीत. तुमचे निरोप इंटरनेटच्या वाटेने जातात. तिथे ७० ची मर्यादा नाही. देवनागरीची एक खूण तिथे बहुधा २४ बिट घेते आणि रोमन अक्षर ८. म्हणजे तिप्पट जागा अजूनही लागते. पण वाटच इतकी रुंद झाली आहे की तिप्पट म्हणजे काहीच नाही. कसे ते पाहा. 'उद्या शाळेला सुट्टी आहे.' या वाक्यात खुणा २४. म्हणजे जास्तीत जास्त २४ गुणिले २४, ५७६ बिट. हेच वाक्य तुम्ही बोलून, ध्वनिमुद्रित करून पाठवलेत तर? फोनवरचे बोलणे सेकंदाला १६,००० बिटांत दाबून बसवले असे धरू, आणि वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात असे धरू. झाले ३२,००० बिट. देवनागरीत लिहिण्याच्या पन्नासपटीहून अधिक! तरी ते क्षणात जाते आणि त्याचा खर्च कुणाच्या लक्षातही येत नाही.

फोनांचीही सबब उरलेली नाही. केंद्र सरकारने २०१६ साली अधिसूचना काढून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांवर देशातल्या २२ अधिकृत भाषा वाचता आल्या पाहिजेत असे ठरवले. आज देवनागरी कळफलक फोनवरच मिळतो. रोमन अक्षरांत 'उद्या' टंकले तर फोन आपणहून देवनागरी शब्द पुढे करतो. तरीही तुमच्या वर्गाच्या गटातले निरोप उघडून पाहा. किती देवनागरीत आहेत, किती रोमन लिपीत? ज्या कारणासाठी सवय लागली ते कारण निघून गेले आहे, आणि ज्यांना ते कारण कधीच भेटले नाही त्या तुमच्याही बोटांत ती सवय उतरली आहे. मला तरी हे फार कुतूहलाचे वाटते.

दुसरीकडे एक नवी गोष्ट घडते आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवण्याची सोय आली, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पुष्कळ मुलांनी लिहिणे सोडून बोलायलाच सुरुवात केली. यात 'ल' आणि 'ळ' चा घोटाळा नाही. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्याला प्रमाण लेखनाची भीती नाही. ज्या आजीला वाचता येत नाही तिलाही नातवाचा निरोप थेट कळतो. आणि 'कृपया' न म्हणताही आवाजातून विनंती कळते. पण वर्गात बसून ऐकता येत नाही, तीन मिनिटांच्या बोलण्यातून गृहपाठाचे पान शोधायला तीन मिनिटे लागतात आणि ज्या मित्राला ऐकू येत नाही तो गटाबाहेर पडतो.

लिहिताना हरवलेला आवाज भरून काढायला चेहऱ्यांची चित्रे आली. जपानमधील शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली एका दूरध्वनी कंपनीसाठी १७६ छोटी चित्रे काढली. प्रत्येक चित्र बारा गुणिले बारा ठिपक्यांचे. नुसते 'ठीक आहे' वाचून मित्र रागावला आहे की खरेच ठीक आहे हे कळत नाही, शेजारी चेहरा असला तर कळते. १४४ ठिपक्यांत राग आणि हसू वेगळे दाखवायचे, हे सोपे काम नव्हे. वहीत बारा गुणिले बारा चौकटी आखून प्रयत्न करा.

आता शेवटचा प्रयोग, याला दोन दिवस लागतील. रोमन लिपीत वीस मराठी शब्द लिहा. त्यांत काल-काळ, मला-माला-मळा, दर्या-दऱ्या अशा जोड्या असू द्या. सुटे शब्द एका मित्राला आणि तेच शब्द वाक्यांत घालून दुसऱ्या मित्राला द्या. दोघांनाही ते देवनागरीत लिहायला सांगा आणि चुका मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे संदर्भाने केलेले काम. मग आई-बाबांचा फोन मागून घ्या. बोललेले टंकून देण्याची सोय त्यात असेल. तिला आधी 'आचार्यांना नमस्कार सांगा' आणि नंतर 'आचाऱ्यांना नमस्कार सांगा' असे स्वच्छ म्हणून दाखवा. दोन्ही वेळा तिने एकच शब्द उमटवला तर तो कोणता, तेही वहीत लिहून ठेवा.